पिशवी फोडली की घड्याळ सुरू: इलेक्ट्रॉनिक पार्ट आणि पीसीबी कसे साठवावेत

स्टोअरला नव्याने लागलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात हमखास वाटतं, की यात नासण्यासारखं आहे काय? आयसीला वास येत नाही, रेझिस्टरला कीड लागत नाही. रॅकवरचा ट्रे सहा महिन्यांनी उचलला तरी डोळ्यांना तसाच दिसतो. गोची तिथेच आहे. ओल धरलेला आयसी, स्टॅटिकचा झटका खाल्लेला मॉस्फेट आणि पॅड (पार्ट सोल्डर होतो ती धातूची जागा) काळवंडायला लागलेला बोर्ड, म्हणजे पीसीबी, हे तिघेही स्टोअरमध्ये गप्प बसतात आणि तोंड उघडतात ते थेट लाइनवर, म्हणजे बोर्डांवर पार्ट बसवतात तिथे, नाहीतर ग्राहकाकडे गेल्यावर. तोवर तो ट्रे कुठल्या दिवशी किती तास उघडा पडला होता, हे कुणालाच आठवत नसतं.

त्यामुळे या कामात कपाटाइतकीच वही महत्त्वाची. खालचा क्रम माल दारात आल्यापासून लाइनवर जाईपर्यंतचा आहे. सगळ्या पायऱ्या सारख्या वजनाच्या नाहीत. ओलीची पायरी सगळ्यांत लांब आहे, कारण सगळ्यांत जास्त नुकसान तिथेच होताना मी पाहिलंय.

१. आधी जागा

साधारण १५ ते ३० अंश तापमान आणि ४० ते ६० टक्के आर्द्रता, एवढं सांभाळलं तर बहुतेक माल सुखात राहतो. हवा दमट नको हे सगळ्यांना कळतं. फार कोरडीही नको, हे पटकन लक्षात येत नाही. हवा कोरडी पडली की स्टॅटिक वाढतं. मीटर मात्र एसीच्या झोतासमोर लावू नका. तिथला आकडा नेहमीच छान येतो. जिथे माल आहे तिथे, शक्यतो बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या रॅकवर मीटर ठेवा आणि आकडा रोज लिहा.

ऊन थेट पडेल, पाइपाचं पाणी ठिबकेल किंवा फरशी पुसताना ओलं होईल, अशा ठिकाणी माल ठेवायचा नाही. फ्लक्स, थिनर, ॲसिड यांना वेगळी खोली द्या. शिशाच्या बॅटऱ्या चार्ज होतात त्या जागेपासूनही लांब राहा, कारण त्यातून निघणारा ॲसिडचा धूर धातूला खातो. आणि पुठ्ठ्याची मोठी खोकी इनवर्डच्या, म्हणजे माल ताब्यात घ्यायच्या, टेबलावरच सोडा. ती आत आली की पुठ्ठ्याचा भुगा आत येतो, शिवाय साध्या पुठ्ठ्यात गंधकाचा अंश असू शकतो. त्याची गोष्ट पुढे बोर्डांच्या पायरीत येईल.

२. स्टॅटिकचा बंदोबस्त

दाराच्या कडीला हात लावल्यावर चट्‌कन बसतो तो झटका आपल्याला जाणवायला साधारण ३००० व्होल्ट लागतात. नाजूक पार्ट १०० व्होल्टच्या आतही जाऊ शकतो. म्हणजे आपल्याला काही जाणवलं नाही, याला पुरावा म्हणून काडीची किंमत नाही. त्यातही पार्ट जागीच मेला तर बरं. अर्धवट दुखावलेला पार्ट टेस्टला पास होतो आणि काही महिन्यांनी ग्राहकाकडे मान टाकतो.

स्टोअरपुरता नियम एकच लक्षात ठेवा: पार्ट पिशवीबाहेर काढायचा तो फक्त अर्थिंग केलेल्या टेबलावर, मनगटाला रिस्ट स्ट्रॅप लावूनच. स्ट्रॅपमध्ये १ मेगाओमचा रेझिस्टर असतो तो तुमच्या जिवासाठी. चुकून करंटच्या तारेला हात लागला तर प्रवाह रोखायला. म्हणून स्ट्रॅपची तुटलेली वायर साध्या वायरने जोडण्याचा जुगाड करू नये. शिफ्ट सुरू होताना टेस्टरवर स्ट्रॅप तपासून सही करायची. एएनएसआय/ईएसडी एस२०.२० या मानकात माणूस आणि स्ट्रॅप धरून एकूण रेझिस्टन्स ३५ मेगाओमच्या आत हवा असं म्हटलंय. त्वचा फार कोरडी असेल तर चांगला स्ट्रॅपही कधी कधी नापास होतो. पट्टा घट्ट करा, गरज पडली तर स्ट्रॅपसाठीचं लोशन लावा.

पिशव्यांचा गोंधळ नव्या माणसाचा हमखास होतो. गुलाबी पिशवी स्वतः चार्ज धरत नाही, एवढाच तिचा गुण; बाहेरून येणारा झटका ती अडवत नाही. करडी, आरपार अंधूक दिसणारी पिशवी शिल्डिंगची: तिच्यात धातूचा पातळ थर असतो आणि तोंड बंद असेल तर ती आतल्या मालाला वाचवते. भोक पडलेली किंवा दहा वेळा चुरगळलेली शिल्डिंग पिशवी टाकून द्या. तिसरी जाड, चकचकीत, आरपार न दिसणारी पिशवी ओल अडवणारी. तिला एमबीबी म्हणतात आणि चौथी पायरी जवळजवळ सगळी तिच्याबद्दलच आहे.

थर्माकोल, साधा बबल रॅप, चिकटपट्टीचा रोल, प्लॅस्टिकची फाइल, चहाचा प्लॅस्टिक कप या वस्तू उघड्या पार्टपासून निदान ३० सेंमी दूर. खरं तर टेबलावर नकोतच.

३. माल आला: मोजण्यासाठी फोडू नका

इनवर्डला नवा माणूस बसवला की पहिली चूक ठरलेली. चलनावर २५०० नग लिहिलेत, मग मोजून घ्यावेत म्हणून तो सीलबंद पिशवीला कात्री लावतो. पिशवी फुटली की हवा आत गेली आणि त्या मालाचं आयुष्य तासांवर आलं. सीलबंद रीलचा आकडा लेबलवरून घ्यायचा. खात्रीच हवी असेल तर रील न उघडता मोजणारं एक्स-रे यंत्र मिळतं.

पिशवी न फोडता पाहण्यासारखं मात्र पुष्कळ असतं. पिशवीला भोक किंवा घडीवर चीर आहे का? सीलची पट्टी सलग आहे का? लेबलवर एमएसएलचा (पार्ट ओलीला किती नाजूक, याचा) आकडा, उघडल्यावर किती तास मिळतात, कमाल रिफ्लो (ओव्हनमधल्या सोल्डरिंगचं) तापमान आणि सील केल्याची तारीख हे सगळं आहे का? पिशवी फुगलेली दिसत असेल तर घाबरू नका. ती विटेसारखी टणक, हवा पूर्ण खेचून काढलेली दिसली, तर ते जास्त वाईट. पूर्ण व्हॅक्यूममुळे कोपरे पिशवीला टोचतात आणि आतल्या डेसिकंटलाही (ओल शोषणाऱ्या पुडीला) ओल नीट शोषता येत नाही. जे-एसटीडी-०३३ या मानकातही हवा हलकीच काढा असं सांगितलंय.

दोन तारखांची गल्लत करू नका. पार्टवरचा डेट कोड म्हणजे तो बनला कधी: २३१४ याचा अर्थ २०२३ सालचा १४वा आठवडा. पिशवीवरची सीलची तारीख वेगळी. नीट सील केलेली पिशवी ४० अंश आणि ९० टक्के आर्द्रतेच्या आत राहिली तर सीलच्या तारखेपासून निदान १२ महिने भरवशाची मानतात. १२ महिने उलटले म्हणून माल फेकायचा नसतो. पिशवी उघडून आतलं ओल दाखवणारं कार्ड पाहायचं आणि मग ठरवायचं.

थंड गाडीतून किंवा थंड गोदामातून आलेला माल लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर पार्टवर दव धरतं.

४. ओल

आयसीचं काळं अंग प्लॅस्टिकचं असतं आणि प्लॅस्टिक हवेतली ओल हळूहळू शोषतं. रॅकवर असताना त्याने काहीच बिघडत नाही. पण रिफ्लो ओव्हनमध्ये तोच पार्ट काही मिनिटांत २४० ते २६० अंशांपर्यंत तापतो. आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते आणि ती आतले थर एकमेकांपासून सोडवते. कधी तडा बाहेरून दिसतो, कधी लाही फुटावी तसा आवाज येतो. लाइनवर याला पॉपकॉर्निंगच म्हणतात. बहुतेक वेळा मात्र बाहेरून काहीच दिसत नाही.

म्हणून पार्टला एमएसएलची पायरी दिलेली असते. ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या आतल्या जागेत पिशवी उघडल्यापासून मिळणारा वेळ असा: एमएसएल १ ला मर्यादा नाही. २ ला १ वर्ष, २ए ला ४ आठवडे, ३ ला १६८ तास, ४ ला ७२ तास, ५ ला ४८ तास, ५ए ला २४ तास. ६ असेल तर वापरण्याआधी बेक, म्हणजे ओव्हनमध्ये तापवून कोरडं, करायलाच हवं आणि नंतर लेबलवरच्या वेळेत संपवायचं. रोजच्या कामात सगळ्यांत जास्त भेटतो तो ३, म्हणजे बरोबर एक आठवडा.

हे तास कामाचे तास नव्हेत, हे मी स्वतः चुकून शिकलो. एमएसएल ४ चा एक ट्रे गुरुवारी दुपारी चारला लाइनला दिला होता. यंत्र बंद पडलं, ट्रे फीडरजवळच (यंत्राला पार्ट पुरवणाऱ्या भागाजवळ) राहिला. सोमवारी सकाळी नऊला लाइन सुरू झाली तेव्हा मी मनात दोन शिफ्ट मोजल्या आणि "आहेत अजून तास" म्हणून मान डोलावली. प्रत्यक्षात ८९ तास झाले होते. रात्री आणि सुट्ट्या मी धरल्याच नव्हत्या. बोर्ड दिसायला सुरेख निघाले. टेस्टला मात्र एकामागून एक पडायला लागले. तपासणीत आयसीच्या आतले थर सुटलेले निघाले. त्यानंतर मी स्लिपवर "किती तास उरले" असं लिहिणं सोडलं. "अमुक तारखेला अमुक वाजता संपतो" असं लिहितो. वजाबाकी दमलेल्या माणसावर सोडू नये.

पिशवी उघडायची पद्धत अशी. रिस्ट स्ट्रॅप लावा. कात्री सीलच्या पट्टीला अगदी लागून चालवा, म्हणजे तीच पिशवी पुन्हा सील करायला जागा उरते. आत डेसिकंटची पुडी आणि ठिपक्यांचं कार्ड असतं. सगळं सोडून आधी कार्ड उचला, कारण उघड्या हवेत ते थोड्या वेळात रंग बदलतं आणि मग त्याच्या साक्षीला अर्थ राहत नाही. कार्डावर साधारण ५, १० आणि ६० टक्के असे तीन ठिपके असतात. जुन्या पद्धतीच्या कार्डावर निळा म्हणजे कोरडं आणि गुलाबी म्हणजे ओल. कोबाल्ट नसलेल्या कार्डांचे रंग वेगळे असतात, म्हणून त्याच कार्डावर छापलेली रंगांची खूण बघायची, आठवणीवर जायचं नाही. एमएसएल २ए ते ५ए साठी कार्ड १० टक्क्यांच्या वर दाखवत असेल, किंवा २ साठी ६० टक्क्यांच्या वर, तर माल आधी बेक करायचा. ठिपका धड निळा नाही, धड गुलाबी नाही, असा जांभळट दिसला तर वाद घालत बसू नका, तो क्यूसीला दाखवा.

कार्ड ठीक असेल तर पार्ट बाहेर येतात त्याच मिनिटाला ट्रे किंवा रीलवर स्लिप: उघडल्याची वेळ, संपण्याची वेळ, सही.

उरलेला माल परत आला तर दोन रस्ते. डेसिकंट हवेत अर्ध्या तासापेक्षा जास्त राहिलेलं नसेल तर तेच चालतं, नाहीतर नवं घालून नव्या कार्डासह सील करायचं. सील केल्याने घड्याळ थांबतं, शून्यावर जात नाही. दुसरा रस्ता ड्राय कॅबिनेट. ५ टक्क्यांच्या खाली राहणारं कॅबिनेट सीलबंद पिशवीच्या बरोबरीचं धरतात; १० टक्क्यांचं तसं धरत नाहीत, त्यातल्या मुक्कामाला मर्यादा असते. एमएसएल २, २ए आणि ३ चा माल १२ तासांपेक्षा जास्त उघडा राहिला नसेल, तर जितका वेळ उघडा होता त्याच्या पाचपट वेळ कोरड्यात ठेवला की घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. ४, ५ आणि ५ए साठी ८ तासांची हद्द आणि दहापट वेळ. हे सगळं कॅबिनेटचं दार बंद असतानाचं. दिवसभर दर दहा मिनिटांनी दार उघडलं तर समोरचा आकडा काहीही दाखवो, आत कोरडं नाही. आणि कॅबिनेटला अर्थिंग हवंच. इतकी कोरडी हवा म्हणजे स्टॅटिकचं माहेरघर.

वेळ उलटला तर बेकिंग. १२५, ९० किंवा ४० अंश, असे तीन पर्याय मानकात आहेत आणि पार्टची जाडी नि एमएसएल पाहून तक्त्यातून तास काढायचे. फरक किती पडतो बघा: १.४ मिमीपर्यंत जाडीच्या एमएसएल ३ च्या पार्टचा वेळ ७२ तासांपेक्षा जास्त उलटला असेल, तर १२५ अंशांना साधारण ९ तास पुरतात. ४० अंशांना तेच काम १३ दिवस घेतं. मग कुणी ४० का निवडेल? कारण रीलची टेप १२५ अंशांत वितळून वाकडी होते. ट्यूबचंही तेच. ट्रेवर त्याचं कमाल तापमान छापलेलं असतं, ते वाचूनच ट्रे आत सारा. कागद, रबर, पिशव्या ओव्हनमध्ये नाहीत. तास मोजायचे ते माल तापल्यापासून, ओव्हनचा दिवा लागल्यापासून नाही. बेकिंग कितीही वेळा करावं असंही नाही: ९० ते १२५ अंशांमध्ये सगळे मिळून ९६ तासांची हद्द आहे, पुढे पायांवर ऑक्साइड चढून सोल्डर धरेनासं होतं. म्हणजे बेकिंगचीही नोंद वहीत हवी.

एक गोष्ट पुष्कळ अनुभवी लोकही विसरतात. दोन्ही बाजूंनी पार्ट बसणाऱ्या बोर्डात पहिल्या बाजूचे पार्ट दुसऱ्या रिफ्लोलाही सामोरे जातात. त्यांचं घड्याळ पहिल्या बाजूला थांबत नाही. एक बाजू करून बोर्ड आठवडाभर रॅकवर ठेवले तर ते बोर्डच ओल धरलेला माल झाले.

५. कोरे बोर्ड

कोऱ्या पीसीबीला शत्रू तीन: ओल, बोटं आणि गंधक. बोर्ड कडेने धरायचा, हातमोजे घालून. बोटाच्या ठशात घाम असतो, घामात मीठ असतं आणि पॅडवर उमटलेला ठसा सोल्डरिंगनंतर त्याच आकाराचा डाग म्हणून परत भेटतो.

पॅडवर कुठलं फिनिश, म्हणजे तांब्यावरचा संरक्षक थर, आहे यावर बोर्ड किती टिकेल हे ठरतं. एचएएसएल आणि एनिग, म्हणजे निकेलवर सोनं, सीलबंद असताना वर्षभर सहज जातात. ओएसपी, इमर्शन सिल्व्हर आणि इमर्शन टिन नाजूक. त्यांना सहा महिन्यांच्या हिशोबाने वापरावं आणि बनवणाऱ्याने लिहून दिलेली मुदत शेवटची मानावी. ओएसपी हा पातळ सेंद्रिय थर, तो उष्णतेने जातो. असे बोर्ड कोरडे करायला ओव्हनमध्ये टाकण्याआधी बनवणाऱ्याला विचारा. बाकीच्या बोर्डांना गरज पडल्यास १०५ ते १२५ अंशांत कोरडं करता येतं. कोऱ्या बोर्डांच्या हाताळणीसाठी आयपीसी-१६०१ हे वेगळं मानक आहे.

चांदीच्या फिनिशला गंधक लागलं की पॅड पिवळट, मग तपकिरी, मग काळं. एकदा एका गठ्ठ्यावर मधोमध सरळ काळी रेघ दिसली. छपाईचा दोष असावा म्हणून आम्ही बराच वेळ भिंगातून बघत होतो. मग लक्षात आलं, कुणीतरी उघडा गठ्ठा रबर बँडने बांधला होता. रबर पक्कं करायला गंधक वापरतात. बँड जिथून गेला होता तिथेच रेघ. तेव्हापासून आमच्या स्टोअरच्या ड्रॉवरमध्ये रबर बँड मिळत नाही. बोर्डांच्या मधे घालायचा कागदही गंधकविरहित लागतो, वर्तमानपत्र चालत नाही.

गठ्ठे आडवे, सपाट फळीवर, खालून पूर्ण आधार देऊन ठेवा. भिंतीला टेकवून तिरपे उभे केले की वाकतात. सरफेस माउंटच्या बोर्डाला बाक ०.७५ टक्क्याच्या आत लागतो, तो हातावर धरून कळत नाही. पॅडवर सोल्डर पेस्ट छापताना कळतो. उघडलेल्या पाकिटातून लागतील तेवढेच बोर्ड काढा, बाकीचे त्याच दिवशी सील करा.

६. पार्ट बसवलेले बोर्ड

एकावर एक रचायचे नाहीत. खालच्या बोर्डावरचा सिरॅमिक कपॅसिटर वरच्याच्या वजनाने चिरतो आणि ती चीर डोळ्यांना दिसत नाही. खाचांची कंडक्टिव्ह मॅगझिन रॅक वापरा; खाच बोर्डाच्या कडेला धरते ना, पार्टला घासत नाही ना, हे शेजारची खाच रिकामी ठेवून एकदा पाहा.

बटण सेल बसवलेला बोर्ड काळ्या कंडक्टिव्ह फोमवर ठेवू नका. फोम वीज वाहतो, सेलची दोन्ही टोकं त्यातून जोडली जातात आणि सकाळपर्यंत सेल रिकामा. अशा बोर्डांना डिसिपेटिव्ह (चार्ज हळूहळू सोडणारी) पिशवी किंवा ट्रे, नाहीतर सेल सगळ्यांत शेवटी.

७. बाकीचं, थोडक्यात

सोल्डर पेस्ट साधारण ० ते १० अंशांत, फ्रीजमध्ये. खाण्याच्या वस्तू त्या फ्रीजमध्ये नाहीत. वापरण्याआधी झाकण न उघडता साधारण चार तास बाहेर. घाईने गरम करायची नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दोनेक वर्षं पडून राहिला की त्याची गळती वाढते, म्हणून जुना आधी वापरा. लिथियम सेल अर्धवट चार्ज करून, वेगळ्या कपाटात, टोकं एकमेकांना लागणार नाहीत असे. एलईडीच्या आतही चांदी असते, तिला गंधक तितकंच बाधतं. शिवाय बऱ्याच एलईडींना एमएसएल असतो, लेबल वाचा. रील उभ्या खाचेत ठेवा. आडव्या ढिगात खालच्या रीलची कड दबते आणि टेप फीडरमध्ये अडकते.

८. वही, आणि तो डबा

आधी आलेला माल आधी जावा, म्हणून नवा माल मागे आणि जुना पुढे. पण अर्धी वापरलेली रील नेहमी पूर्ण रीलच्या आधी, तिचं घड्याळ चालू असतं. लॉट नंबर पार्टबरोबरच राहिला पाहिजे: एका लॉटची अर्धी रील दुसऱ्या लॉटच्या रीलला जोडली आणि उद्या तक्रार आली, तर शोधायला धागा उरत नाही. शंका असलेला माल लाल बिनमध्ये, कुलपात, कारण लिहून. "तात्पुरतं इथे ठेवतो" म्हणून चांगल्या रॅकवर ठेवलेला वाईट माल आठवड्याभरात चांगला होऊन लाइनवर जातो.

आता स्टोअरचा एक फेरफटका मारा. लाइनच्या कोपऱ्यात, फीडरच्या टेबलाखाली, एक डबा असेल. त्यात सांडलेले, उरलेले, कापलेल्या टेपचे तुकडे, लेबल नसलेले आयसी. कुठल्या लॉटचे, कधी उघडले, कुणाच्या हातातून गेले, काही माहिती नाही. घाईच्या दिवशी एखादा पार्ट कमी पडला की सुपरवायझर याच डब्यात हात घालतो. डबा आजच रिकामा करा, आणि उद्या सकाळी पुन्हा बघा.